मलेरिया झाला असताना फॉलिक ॲसिड आणि बी-कॉम्प्लेक्स घेतल्याने परजीवी पोसला जातो का?

गोव्यातल्या फोंड्याच्या एका गृहिणीने हा प्रश्न विचारला आहे. त्यांची सून पाच महिन्यांची गरोदर आहे. ताप आल्यावर रक्त तपासले तेव्हा व्हायवॅक्स मलेरिया निघाला आणि क्लोरोक्विन सुरू झाले. तिला रोज लोह व फॉलिक ॲसिडची गोळी आहे, शिवाय बी-कॉम्प्लेक्सही आहे. मुलाने एके ठिकाणी वाचले की मलेरियाचा परजीवी आपली जीवनसत्त्वे स्वतः तयार करतो. दुसऱ्या ठिकाणी वाचले की तो ती माणसाच्या रक्तातून उचलतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, आणि असतील तर या गोळ्या बाळाच्या कामी येतात की परजीवीच्या, मलेरिया बरा होईपर्यंत त्या थांबवाव्यात का, असे त्यांना विचारायचे आहे.

ताई, तुम्हाला आज ज्या उत्तराची गरज आहे ते आधी सांगतो. परजीवी व्हायवॅक्स आहे आणि औषध क्लोरोक्विन आहे, अशा स्थितीत गरोदरपणातली नेहमीची फॉलिक ॲसिडची गोळी औषधाच्या आड येत नाही. ती स्वतःहून बंद करू नका. मी डॉक्टर नाही. मलेरियाच्या परजीवींची प्रयोगशाळेत वाढ करणे, त्यांच्यावर औषधे तपासणे आणि त्यांची चयापचय क्रिया समजून घेणे, हे माझे काम राहिले आहे. त्यामुळे सुनेच्या गोळ्यांचा शेवटचा निर्णय तिच्या डॉक्टरांचाच. मात्र हे उत्तर असे का आहे, आणि कोणत्या परिस्थितीत ते बदलेल, हे मी सविस्तर सांगू शकतो. ते समजणे महत्त्वाचे आहे, कारण परजीवी फाल्सिपेरम (मलेरियाच्या परजीवीची दुसरी जात) असता आणि औषध दुसरे असते, तर मी इतक्या सरळपणे उत्तर दिले नसते.

खरी अडचण अशी आहे की आपण ‘जीवनसत्त्वे’ असे एकत्र म्हणतो, पण परजीवीच्या दृष्टीने तसा एकच गट नाही. काही जीवनसत्त्वे तो पूर्णपणे स्वतः तयार करतो, काहींचे तयार भाग मिळाले तर ते फक्त जोडतो, आणि काहींसाठी तो सर्वस्वी आपल्या रक्तावर अवलंबून असतो. फोलेटच्या, म्हणजे गोळीतले फॉलिक ॲसिड ज्याचे एक रूप आहे त्या जीवनसत्त्वाच्या, बाबतीत तर तो दोन्ही करतो: घरी चूलही पेटलेली आणि बाहेरून डबाही येतो, अशी त्याची व्यवस्था आहे. म्हणून तुमच्या मुलाने वाचलेली दोन्ही विधाने बरोबर आहेत. प्रश्न विचारायचा तो प्रत्येक जीवनसत्त्वासाठी वेगळा, आणि त्याच्या जोडीला रुग्णाला कोणते औषध चालू आहे हेही विचारायचे.

फोलेटपासून सुरुवात करतो, कारण उपचाराशी थेट संबंध असलेले जीवनसत्त्व हे एकच आहे. फोलेटचा रेणू तीन भागांचा असतो: टेरिन, पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल (प्रयोगशाळेत आम्ही त्याला पाबा म्हणतो) आणि ग्लुटामेट. टेरिनचा भाग परजीवी जीटीपी या पेशीतल्या लहान रेणूपासून तयार करतो, आणि त्यातले पहिले पाऊल जीटीपी सायक्लोहायड्रोलेज हे विकर म्हणजे एन्झाइम टाकते. पाबा येतो शिकिमेट मार्गातून. हा मार्ग वनस्पती, बुरशी आणि जीवाणू यांच्यात असतो, प्राण्यांत नसतो. म्हणून १९९८ साली तो मलेरियाच्या परजीवीत सापडला तेव्हा या क्षेत्रातल्या सर्वांचे लक्ष तिकडे गेले. ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतींचा हाच मार्ग अडवते. त्या अभ्यासात ग्लायफोसेटने फाल्सिपेरमची वाढ रोखली गेली आणि पाबा घातल्यावर ती पुन्हा सुरू झाली. (यावरून तणनाशक हे औषध आहे असा अर्थ कोणी काढू नये. त्यासाठी लागणारी मात्रा कितीतरी मोठी होती, आणि त्या प्रयोगाचा हेतू केवळ मार्ग अस्तित्वात आहे हे दाखवण्याचा होता.) पुढे डायहायड्रोटेरोएट सिंथेज हे विकर टेरिन आणि पाबा यांना जोडते, मग ग्लुटामेट जोडला जातो, आणि शेवटी डायहायड्रोफोलेट रिडक्टेज त्याला वापरण्यायोग्य रूपात आणते.

एवढा खटाटोप परजीवी का करतो, हे त्याच्या वाढीच्या वेगावरून कळते. व्हायवॅक्स असो वा फाल्सिपेरम, तांबड्या पेशीत शिरलेला एक परजीवी साधारण ४८ तासांत विभागून डझनाहून अधिक नवे परजीवी बाहेर सोडतो. प्रत्येकाला डीएनए हवा आणि डीएनएसाठी थायमिडिलेट हा घटक हवा. प्युरीन हा डीएनएचा दुसरा कच्चा माल परजीवी आपल्या पेशीतून उचलतो, पण थायमिडिन बाहेरून घेऊन वापरण्याची सोय त्याच्याकडे नाही. थायमिडिलेट त्याला स्वतःच करावे लागते आणि त्या क्रियेत फोलेट खर्ची पडते. फोलेटची साखळी तुटली की विभाजन थांबते.

आणि म्हणूनच ही साखळी औषधांचे लक्ष्य झाली. माणसाच्या पेशी फोलेट तयार करत नाहीत, आपण ते अन्नातून घेतो; त्यामुळे डायहायड्रोटेरोएट सिंथेज आपल्याकडे नाहीच. सल्फाडॉक्सिन पाबासारखे दिसते आणि ते विकर अडवते. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज मात्र आपल्याकडेही आहे, पण पायरिमेथामिन परजीवीच्या विकराला आपल्यापेक्षा कित्येक पटींनी घट्ट धरते. हे औषध जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या चमूच्या कामातून आले, आणि दोघांना १९८८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सल्फाडॉक्सिन आणि पायरिमेथामिन एकत्र दिली की एकाच साखळीवर दोन ठिकाणी घाव बसतो, आणि त्यांचा एकत्रित परिणाम दोघांच्या बेरजेपेक्षा बराच मोठा असतो. या जोडीला डॉक्टर थोडक्यात एसपी म्हणतात.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. सल्फाडॉक्सिनने घरची चूल बंद केली, पण बाहेरून फॉलिक ॲसिडचा डबा भरपूर येत असेल, तर सल्फाडॉक्सिनच्या घावाला अर्थ उरत नाही. पायरिमेथामिन अजून काम करत असते, पण आता त्याला एकट्याने लढावे लागते आणि त्याच्या विकरासमोर कच्च्या मालाचीही गर्दी झालेली असते. दोन औषधांची जी जोडी होती, तिच्यातली ताकद जाते.

हे प्रयोगशाळेत इतक्या ठळकपणे दिसते की नव्या विद्यार्थ्यांना आम्ही ते सुरुवातीलाच दाखवतो. फाल्सिपेरमची सतत वाढ करण्याची पद्धत ट्रॅगर आणि जेन्सन यांनी १९७६ साली दिली, आणि त्यासाठी वापरले जाणारे आरपीएमआय १६४० हे माध्यम, म्हणजे परजीवी ज्यात वाढवतात तो पोषक द्रव, आजही सर्वत्र वापरात आहे. त्यात दर लिटरला १ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड आणि १ मिलिग्रॅम पाबा असतो. फॉलिक ॲसिडचे हे प्रमाण माणसाच्या रक्तातल्या सामान्य फोलेटच्या साधारण शंभरपट भरते. या माध्यमात सल्फाडॉक्सिन तपासले, तर औषधाला पूर्ण संवेदनशील असलेला परजीवीही प्रतिरोधक असल्यासारखा वाढतो. म्हणून अशा चाचण्यांसाठी फॉलिक ॲसिड आणि पाबा कमी केलेले वेगळे माध्यम घ्यावे लागते, आणि वापरलेल्या सीरममधून पाबा येत नाही ना हेही पाहावे लागते. एखाद्या चाचणीत सल्फाडॉक्सिनला विलक्षण प्रतिरोध दिसला, तर माझा पहिला प्रश्न परजीवीबद्दल नसतो. माध्यमाच्या बाटलीवर काय लिहिले आहे, हा असतो.

प्रयोगशाळेतले शंभरपट प्रमाण रुग्णाच्या रक्तात येत नाही, हे खरे. तरीही रुग्णांतही हा परिणाम मात्रेनुसार दिसला आहे. केनियात गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एसपीबरोबर रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांमध्ये उपचार अपयशी ठरण्याचे प्रमाण वाढले, तर रोज ०.४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये तसे झाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही याच दिशेने आहे: एसपीबरोबर ०.४ मिलिग्रॅम चालते, पण ५ मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा एकत्र देऊ नये. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम म्हणजे अर्धा मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती मात्रा लहान आहे. पण औषधांच्या दुकानात ५ मिलिग्रॅमची गोळीही सहज मिळते, आणि आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा जन्मदोष असेल किंवा आई फेफऱ्याची काही औषधे घेत असेल, तर डॉक्टर ती मुद्दाम देतात. म्हणून सुनेच्या गोळीच्या पाकिटावर आकडा कोणता आहे ते आजच पाहून ठेवा.

मग तुमच्या सुनेला चिंता का नाही? कारण क्लोरोक्विन या साखळीला हातच लावत नाही. परजीवी तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन पचवतो तेव्हा हीम हा विषारी अवशेष उरतो, आणि तो स्फटिक करून निरुपद्रवी बनवावा लागतो. क्लोरोक्विन हा स्फटिक बनू देत नाही आणि परजीवी स्वतःच्याच कचऱ्याने मरतो. तिथे फोलेटचा काही संबंध नाही, म्हणून गोळी ५ मिलिग्रॅमची असली तरी क्लोरोक्विनचे काम अडत नाही. गोव्यात व्हायवॅक्सच अधिक आढळतो, त्यामुळे इथल्या बहुतेक रुग्णांना हेच उत्तर लागू पडेल. पण गोव्यात कामासाठी देशाच्या अनेक भागांतून माणसे येतात. बांधकामाच्या जागी साचवलेल्या पाण्यात आणि टाक्यांत ॲनोफिलीस स्टेफेन्सी हा डास वाढतो, आणि फाल्सिपेरम किंवा दोन्हींचा मिश्र संसर्गही इथे सापडतो. २०१३ च्या राष्ट्रीय उपचार मार्गदर्शनानुसार ईशान्येकडील राज्ये वगळता देशात फाल्सिपेरमसाठी आर्टेसुनेट या औषधाच्या जोडीला एसपीच सांगितले होते. म्हणजे रक्तलेपावर फाल्सिपेरम दिसला आणि हे औषध सुरू झाले, तर ५ मिलिग्रॅमच्या गोळीबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायला हवे. त्या गोळीचे काही दिवस काय करायचे हे तेच ठरवतील, कारण ती ज्या कारणासाठी दिली आहे ते कारणही तितकेच गंभीर असू शकते.

या साखळीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण मला ती परजीवीच्या जीवशास्त्रातली सर्वांत लक्षणीय वाटते. एसपी मोठ्या प्रमाणात वापरले गेले तेव्हा फाल्सिपेरमने डायहायड्रोफोलेट रिडक्टेजमध्ये एकामागून एक बदल साठवले: आधी १०८ व्या स्थानी, मग ५१ आणि ५९, आणि काही प्रदेशांत १६४ (हे विकरातल्या अमिनो आम्लांचे क्रमांक). व्हायवॅक्समध्येही असेच बदल ५८ आणि ११७ या स्थानी आढळतात आणि भारतातही ते दिसले आहेत. पण बदललेले विकर मूळ विकराइतके कार्यक्षम राहत नाही. थायलंडमधल्या परजीवींचा अभ्यास केल्यावर असे दिसले की अगदी सुरुवातीच्या जीटीपी सायक्लोहायड्रोलेजच्या जनुकाच्या त्यांनी अनेक प्रती करून ठेवल्या आहेत. शेवटचे विकर अशक्त झाले तर साखळीच्या पहिल्या टोकाला जोर वाढवायचा, असा हा उपाय आहे. बाहेरून फोलेट मिळत असतानाही परजीवी स्वतःची निर्मिती सोडत नाही, याला याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

बी-६ कडे आता थोडक्यात वळू. हे जीवनसत्त्वही माणसाला तयार करता येत नाही, पण परजीवीला येते. पीडीएक्स-१ आणि पीडीएक्स-२ अशी दोन प्रथिने आहेत. प्रत्येकी बारा मिळून चोवीस घटकांची एक मोठी रचना होते. पीडीएक्स-२ ग्लुटामिनमधून अमोनिया काढते आणि तो बाहेर न सांडता आतल्या आत पीडीएक्स-१ कडे पोचतो, तिथे दोन साध्या साखर-फॉस्फेटांशी जोडून पायरिडॉक्सल फॉस्फेट तयार होते. अमिनो आम्लांच्या अनेक क्रियांना ते लागते. फोलेटच्या चक्रातल्या एका विकरालाही लागते, म्हणजे या दोन जीवनसत्त्वांची गाठ एकमेकांशी आहे. औषधासाठी हे लक्ष्य आकर्षक वाटते आणि त्यावर बराच अभ्यास झाला आहे. मला त्याबद्दल सावधपणा वाटतो, कारण परजीवीकडे बाहेरचे बी-६ वापरण्याचे विकरही आहे, आणि आपल्या तांबड्या पेशीत ते जीवनसत्त्व असतेच. उपचारात आज वापरले जाणारे कोणतेही मलेरियाचे औषध बी-६ च्या निर्मितीवर घाव घालत नाही. म्हणून बी-कॉम्प्लेक्समधल्या बी-६ मुळे उपचार बिघडण्याचा मार्गच नाही. बी-१ ची गोष्ट मधली आहे: थायमिनचे दोन भाग जोडण्याची विकरे फाल्सिपेरमच्या जनुकसंचात दिसतात, पण ते भाग मुळापासून घडवण्याचा पूर्ण मार्ग तिथे सापडत नाही.

ज्याच्यासाठी परजीवी पूर्णपणे आपल्यावर अवलंबून आहे, ते पँटोथेनेट, म्हणजे बी-५. विल्यम ट्रॅगर यांनी १९४३ सालीच बदकांच्या मलेरियाच्या परजीवीवर काम करताना दाखवले होते की माध्यमात पँटोथेनेट घातले तर परजीवी शरीराबाहेर अधिक काळ टिकतो. पुढे १९८५ साली फाल्सिपेरमच्या वाढीसाठी माध्यमातली जीवनसत्त्वे एकेक करून काढून पाहिली गेली, तेव्हा पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांपैकी बाहेरून द्यावेच लागते असे हे एकच निघाले. निरोगी तांबडी पेशी पँटोथेनेट जवळजवळ आत घेत नाही. परजीवी शिरला की तिच्या पापुद्र्यात नव्या वाटा उघडतात आणि त्यातून ते आत येते. याच अवलंबित्वाचा फायदा घेणारी पँटोथेनामाइड नावाची संयुगे आज औषध म्हणून विकसित केली जात आहेत. पण म्हणून रुग्णाला पँटोथेनेटविना ठेवून परजीवी उपाशी मारता येईल का? नाही. हे जीवनसत्त्व भात, डाळ, अंडी, भाज्या अशा जवळजवळ प्रत्येक अन्नात असते आणि परजीवीला लागते ते अगदी थोडे. आईची उपासमार आधी होईल.

आहाराने परजीवी आटोक्यात ठेवण्याची कल्पना मात्र पूर्ण निराधार नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. १९५२ साली ब्रिटनमध्ये असे दिसले की फक्त दुधावर ठेवलेल्या उंदरांत मलेरियाचा परजीवी नीट वाढत नाही. पुढच्याच वर्षी फ्रँक हॉकिंग या संशोधकांनी त्याचे कारण शोधले: दुधात पाबा फार कमी असतो, आणि दुधाबरोबर पाबा दिला की परजीवी पुन्हा वाढतो. पापुआ न्यू गिनीतल्या बालकांमध्येही रायबोफ्लेव्हिन म्हणजे बी-२ कमी असलेल्यांत परजीवींची संख्या कमी आढळली होती. या निरीक्षणांतून परजीवीबद्दल पुष्कळ शिकायला मिळते. पण त्यातून गरोदर स्त्रीला दुधावर ठेवावे किंवा जीवनसत्त्वे तोडावीत असा निष्कर्ष निघत नाही. मलेरियात तांबड्या पेशी फुटतात, त्या भरून काढायला आईला फोलेट नेहमीपेक्षा अधिक लागते आणि बाळाची वाढही त्याच साठ्यावर होते. तापात भूक नसेल तर पेज द्या, मीठ-लोणचे द्या, आणि भूक आली की नेहमीचे जेवण. परजीवीला मारायला क्लोरोक्विन आहे.

लोहाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण गोळीत ते आहेच. झांझिबारजवळच्या पेंबा बेटावर लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड दिल्यावर गंभीर आजार आणि मृत्यू वाढल्याचे २००६ साली दिसून आले, आणि ती बातमी आजही अर्धवट फिरत असते. तो प्रदेश अतितीव्र मलेरियाचा होता आणि अभ्यास बालकांवरचा होता. केनियात गरोदर स्त्रियांना रोज ६० मिलिग्रॅम लोह देऊन झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मलेरियाचा संसर्ग वाढलेला आढळला नाही. ऐन तापाच्या दिवसांत लोहाने मळमळत असेल, तर दोन-चार दिवस पुढे ढकलावे का हे डॉक्टरांना विचारा. तो प्रश्न पोटाचा आहे, परजीवीचा नाही.

शेवटी व्हायवॅक्सची एक गोष्ट, जी कोणत्याही जीवनसत्त्वापेक्षा तुमच्या घरासाठी अधिक महत्त्वाची आहे. हा परजीवी यकृतात सुप्त रूपात राहतो आणि क्लोरोक्विन तिथे पोचून त्याला मारत नाही. त्यासाठीचे औषध, प्रायमाक्विन, गरोदरपणात देत नाहीत. म्हणून काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप पुन्हा येऊ शकतो, आणि तो आला तर गोळ्यांवर संशय न घेता त्याच दिवशी रक्तलेप करून घ्या. पुढच्या तपासणीला जाताना सुनेच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या, आणि बाळंतपणापर्यंत आठवड्याला क्लोरोक्विन द्यायचे का, नंतर प्रायमाक्विन केव्हा आणि त्याआधी जी-६-पीडीची (तांबड्या पेशीतल्या एका विकराची) तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांकडून तिच्या कार्डावर लिहून घ्या.